चौकटीवरची रेघ आणि गेटवरची पट्टी: राइडसाठी मुलाची उंची नक्की कशी मोजायची?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. घरी दाराच्या चौकटीशी उभं करून मोजला तर पावणेबेचाळीस इंच भरतो, बूट घालून साडेबेचाळीस. उन्हाळ्यात सांगलीहून सासूसासरे यायचेत. त्यांच्याबरोबर एक दिवस पेनसिल्व्हेनियातलं हर्शीपार्क हे मनोरंजन पार्क आणि मग फ्लोरिडात ऑर्लंडोची डिस्नेसारखी पार्क असा बेत आहे. तिथल्या काही राइडना निदान 42 इंच उंची लागते. गेल्या वर्षी एका पार्कात खालच्या गेटवर मुलाला सोडलं आणि पाऊण तास रांगेत काढल्यावर वर प्लॅटफॉर्मवरून परत पाठवलं. पोरगं रडून बेजार झालं. आता घरात दोन मतं आहेत: ताई म्हणतात नीट मोजून जाऊ, मिस्टर म्हणतात बुटात पुठ्ठा घालू, पाव-अर्ध्या इंचाचा तर प्रश्न आहे. बरोबर कोण, आणि नीट मोजायचं म्हणजे कसं?

ताई, मी 24 वर्षं राइड ऑपरेशन्समध्ये आहे. सुरुवात मुंबईजवळच्या एका पार्कात झाली, मधली बरीच वर्षं आखातात गेली, आता नव्या ऑपरेटरांना शिकवतो. धाकटी बहीण फिलाडेल्फियाजवळ असते, तिच्या मुलांना घेऊन हर्शीलाही जाऊन आलोय. सवयच अशी की राइडपेक्षा मोजायच्या पट्टीकडेच जास्त वेळ बघत उभा होतो.

आधी पुठ्ठ्याचं बोलू. गेटवर पुठ्ठा चालूनही जाईल एखादे वेळी. पण तुमच्या मुलाला धरून ठेवणारी वस्तू गेट नाही, ती सीटवरचा बार, म्हणजे अंगावर येऊन बसणारा दांडा आहे, आणि बाराला पुठ्ठा माहीत नसतो. राइड बनवणारी कंपनी उंचीचा आकडा देते तेव्हा तिच्या मनात उंची नसतेच. असतं ते मांडीची लांबी आणि जाडी, कंबर कुठे येते, पाय खाली टेकतात का, खांद्यावरून येणारा पट्टा मानेशी येतो की छातीवर. गेटवर उभं राहून प्रत्येक पोराची मांडी कोण मोजणार? म्हणून या सगळ्याच्या जागी एकच आकडा वापरायचा, उंचीचा. अमेरिकेत राइडच्या डिझाइनचे नियम एएसटीएम या संस्थेच्या एफ-24 समितीने केलेले आहेत. ही समिती 1978 पासून काम करते. राइड किती जोरात खेचते, किती उचलते, त्यावरून कोणत्या प्रकारचा बार लागेल ते ठरतं, आणि त्या बारात कोणत्या मापाचं शरीर धरलं जाईल त्यावरून उंची.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही राइडना दोघांना मिळून एकच आडवा बार असतो. तो बार खाली येताना जी मांडी आधी लागेल तिच्यावर थांबतो. शेजारी ऐंशी किलोचे बाबा असतील तर बार बाबांच्या मांडीवर थांबला, आणि पोराच्या मांडीवर चार बोटं फट राहिली. गाडी टेकडीवरून सुटली की आपण सीटवरून उचलले जातो, तेव्हा मोठा माणूस बाराला लागून थांबतो. लहान मूल मात्र बाराखालून पुढे घसरायला बघतं. ‘मी धरतो ना त्याला’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्या क्षणी कोणी कोणाला धरू शकत नाही, आपलेच हात कुठे असतात ते कळत नाही.

आता मोजण्याकडे येतो. पावणेबेचाळीस हा तुमचा आकडा मला थोडा संशयास्पद वाटतो, कारण घरी मोजलेली उंची बहुतेक वेळा जास्त भरते. मी आमच्या नव्या ऑपरेटरांना पहिल्या दिवशी हाच खेळ देतो: एकाच माणसाची उंची सगळ्यांनी मोजायची. मोठ्या, शहाण्या माणसाची. आकड्यांत पाऊण-एक इंचाचा फरक येतोच.

फरक दोन्ही बाजूंनी येतो, कुठून ते बघा. अमेरिकन घरात भिंतीच्या पायथ्याशी लाकडी पट्टी असते. टाचा तिला लागतात, पाठ भिंतीला लागत नाही, मूल मागे रेलतं. खाली कार्पेट असेल तर पाय कार्पेटात दबतात आणि टेपचं टोक कार्पेटावर राहतं. डोक्यावर पेन्सिल धरताना आपला हात वरच्या बाजूला तिरका होतो, कारण आपण उंच आहोत आणि वरून बघतोय. ही एकटी पेन्सिलच अर्धा इंच जास्तीचा देते. शिवाय केस. मुलींची वर बांधलेली पोनी तर पट्टीला बरोबर टेकते. गेटवर ती सोडायला सांगतात, आणि आईने सकाळी अर्धा तास घालून केलेली वेणी सोडायची म्हणजे केवढा रुसवा.

असं करा. चौकट सोडा, ज्या भिंतीला खाली पट्टी नाही अशी जागा शोधा. बहुतेक घरांत दाराच्या पाठीमागची सपाट बाजू कामाला येते, दार बंद करून. खाली टाइल किंवा लाकूड हवं. बूट-मोजे काढा. टाचा जुळवून दाराला टेकवा, मग कुल्ले, मग खांदे. डोक्याची मागची बाजू टेकली तर ठीक, नाही टेकली तरी ओढून टेकवू नका. आता तोंड. मुलं उंच दिसायला हनुवटी वर करतात. त्याने डोकं मागे कलतं आणि उंची उलट कमी भरते. कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. मी मुलांना ‘वर बघू नको, खाली बघू नको, समोरच्या आजोबांच्या चष्म्याकडे बघ’ असं सांगतो, लगेच जमतं. डोक्यावर पेन्सिल नाही, सुताराचा गुण्या धरायचा. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक: त्याची एक कड दाराला चिकटलेली, दुसरी डोक्यावर केस दाबून. (घरात पुठ्ठा लागणारच असेल तर इथे वापरा.) पुस्तकाच्या खालच्या कडेशी खूण करा, मुलाला बाजूला घ्या, आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावा. टेपचं टोकाचं पत्र्याचं नाक थोडं हलतं, ते तसंच असतं, पण जुन्या टेपचं वाकलेलं असतं. तेवढं बघून घ्या. हे सगळं तीनदा. तीन आकड्यांतला सगळ्यात कमी तो तुमचा. सरासरी नको.

वेळ महत्त्वाची आहे. माणूस सकाळी उठतो तेव्हा सगळ्यात उंच असतो. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटर, कधी थोडं जास्तच, उंची कमी होते. त्यातली बरीचशी उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांतच जाते. एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ चार दशांश इंच. तुमच्या मुलाचं सगळं भांडण एवढ्यावरच आहे! म्हणून घरी मोजायचं ते रात्री जेवणाआधी, खेळून आल्यावर. तो आकडा चालला तर दिवसभर चालेल. सकाळी अंथरुणातून उठवून मोजलेल्या आकड्यावर दुपारी तीनच्या रांगेत उभं राहू नका.

गेल्या वर्षी खाली सोडलं आणि वर अडवलं, त्याची कारणं दोन असू शकतात. एक साधं: खालचा ऑपरेटर गर्दीत असतो, नजरेने अंदाज घेतो, पोरगं टाचा उचलतं. वरचा माणूस बार लावतो, त्याचा शब्द शेवटचा, आणि तो तसाच असायला हवा. दुसरं कारण मला माझ्या एका जुन्या कामाच्या जागी सापडलं. तिथे पावसाळ्यानंतर एका राइडच्या तोंडाशी नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. पाणी वाहून जावं म्हणून त्यांना उतार दिलेला. मोजायचा खांब जुन्या जागीच, पण मूल उभं राहायचं ते उताराच्या वरच्या अंगाला. एक गृहस्थ आले. मुलीला इथे सोडलं, पलीकडच्या तेवढ्याच उंचीच्या राइडवर का अडवलं, म्हणून भांडायला लागले. मीही आधी ठेवणीतलं उत्तर दिलं, की साहेब, नियम आहे. ते गेल्यावर मात्र मनात राहिलं म्हणून पाणसळ आणि टेप घेऊन दोन्ही खांब तपासले. पेव्हरवाल्या खांबाशी पाऊण इंच जास्त मिळत होतं. म्हणजे अडवणारा बरोबर होता आणि आम्ही चार आठवडे चुकीची मुलं बसवत होतो. काही झालं नाही, नशीब. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक खांबाखाली सपाट पत्रा असतो आणि सकाळच्या तपासणीत पट्टीचं मापही असतं.

म्हणून ज्या पार्कात सकाळी मोजून मनगटाला पट्टा बांधतात ते मला आवडतं. हर्शीपार्क यातलंच, आणि तिथला प्रकार गमतीचा आहे. गाव चॉकलेटचं, त्यामुळे उंचीचे गट चॉकलेट-गोळ्यांच्या नावाचे. 36 इंचांच्या खालची मुलं ‘मिनिएचर्स’, 36 पासून 42 च्या आतली ‘किसेस’, 42 ते 48 ‘रीसेस’, 48 ते 54 ‘हर्शीज’, 54 ते 60 ‘ट्विझलर्स’ आणि 60 च्या वर ‘जॉली रँचर’. मुलं एकमेकांना विचारतात, तू कोण? माझा भाचा एका वर्षात ‘किस’चा ‘रीस’ झाला तेव्हा घरी परतेपर्यंत पट्टा काढू देईना. तुमचा मुलगा आज बरोबर या उंबरठ्यावर आहे. 1946 सालची लाकडी रोलरकोस्टर ‘कॉमेट’ 42 इंचांना मिळते. 2020 ची ‘कँडीमोनियम’ 54 ला, ती सध्या विसरा.

आकड्यांचा एक घोळ आपल्या लोकांत फार. 42 इंच म्हणजे साडेतीन फूट, 106.7 सेंटिमीटर. पार्क छापताना ते 107 करतं, तसंच 44 चे 112, 48 चे 122. डॉक्टरच्या कागदावर 106.8 असेल तर सेंटिमीटरने नापास आणि इंचाने पास. अमेरिकेत इंचच धरा. आणि आपण फूट लिहिताना पॉइंट टाकतो त्याने गोंधळ वाढतो. भारतात कितीतरी पालक माझ्यापुढे फोन धरून सांगायचे, ‘डॉक्टरांनी तीन पॉइंट सहा लिहिलंय.’ तीन फूट सहा इंच म्हणजे 42 इंच. 3.6 फूट म्हणजे 43 इंचांच्या वर. कोणतं खरं ते डॉक्टरलाच ठाऊक. गेटवर कागद कोणी बघत नाही, पट्टीच बघतात, त्यामुळे भांडून उपयोग नाही.

भारतातल्या पार्कांत तर वेगळीच मजा. तिथे तिकीटही बऱ्याच ठिकाणी उंचीवर असतं: अमुक उंचीखाली फुकट, त्यावर मुलांचं, त्यावर मोठ्यांचं. सकाळी तिकीट खिडकीशी आई पुटपुटते, ‘गुडघे जरा वाकव.’ तासाभराने राइडशी तीच आई, ‘सरळ उभा राहा, छाती काढ.’ एकाच पोराची उंची दोन तासांत तीन इंच वाढलेली मी स्वतः बघितली आहे. एसटीत आपण सगळेच वर्षानुवर्षं साडेअकरा वर्षांचे होतो, तेव्हा नावं कोणाला ठेवणार. पण ते अर्ध्या तिकिटाचं होतं.

आता तुमचं गणित. 41.75 इंच म्हणजे 106 सेंटिमीटर. नीट मोजल्यावर समजा 105.5 निघाले. या वयात मुलं वर्षाला सहाएक सेंटिमीटर वाढतात, महिन्याला अर्धा. म्हणजे अनवाणी 42 व्हायला अडीच-तीन महिने लागतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 5 वर्षांच्या मुलाची मधली उंची 110 सेंटिमीटर आहे, 6 व्या वर्षी 116. तुमचा मुलगा मधल्यापेक्षा थोडा बुटका आहे, पण नेहमीच्या पट्ट्यातच. त्याची स्वतःची रेषा वर जातेय का एवढं बालरोगतज्ज्ञाला विचारा, राइडसाठी काळजी करू नका. सहल जूनऐवजी ऑगस्टच्या मध्यावर ढकलता आली तर सासूबाईंना ऊन जास्त लागेल, पण ‘कॉमेट’ मिळेल.

बुटांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी नेहमीच्या बुटांसकट मोजतात. त्यात चोरी काही नाही, कारण बूट सगळ्यांनाच असतात. साध्या स्पोर्ट्स शूचा तळ पाऊण ते एक इंच उचलतो, तुमचा साडेबेचाळीस त्यातूनच आलाय. जाड टाचेचे, आत काही भरलेले वाटले की ऑपरेटर काढायला सांगतो. आम्हाला ते लगेच कळतं. ज्याच्या बुटात पुठ्ठा आहे ते मूल चालताना टाच टेकवत नाही, आणि मोजताना पट्टीकडे बघायच्या ऐवजी बापाकडे बघतं. तेव्हा रोजचेच बूट घाला, नवीन जाड तळाचे घेऊ नका, आणि अनवाणी 42 भरत नसतील तर ‘आज कदाचित नाही’ हे घरीच सांगून ठेवा. 42 इंचांची राइड बूट घालून मिळाली तरी मी बापाला एकच सांगेन: बार लागल्यावर स्वतः हात घालून बघा, मुलाच्या मांडीवर बसलाय का. बसला नसेल तर हात वर करून ऑपरेटरला बोलवा. राइड थांबवायची लाज वाटून घेऊ नका, आम्हाला त्याचाच पगार आहे.

फार मोठं असणंही तितकंच धोक्याचं असतं, ते लहान मुलांच्या आईबापांना कोणी सांगत नाही. मार्च 2022 मध्ये ऑर्लंडोतच एका ड्रॉप टॉवरवरून (उंच खांबावरून सीट एकदम खाली सोडणारी राइड) 14 वर्षांचा मुलगा पडून दगावला. तो चांगला सहा फुटांवर होता आणि ठरलेल्या वजनापेक्षा बराच जड. त्याच्या सीटचा बार जेवढा खाली यायला हवा तेवढा आला नव्हता, आणि तरी यंत्राने ‘ठीक’ म्हणावं असा त्या सीटचा सेन्सर हाताने बदललेला होता. आमच्या धंद्यात तेव्हापासून कोणी ‘उंची बसली की झालं’ असं म्हणत नाही. तुमचे सासरे आडव्या बांध्याचे असतील तर राइडबाहेर ठेवलेल्या नमुन्याच्या सीटवर आधी बसून बघायला सांगा. असतात बऱ्याच ठिकाणी, लोक फोटो काढून निघून जातात.

ऑर्लंडोत तुमच्या मुलाला पुष्कळ आहे, उगाच 44 च्या मागे लागू नका. डिस्नेत सात बुटक्यांची ‘माइन ट्रेन’ आणि ‘स्लिंकी डॉग’ 38 इंचांना, ‘सोअरिन’ 40 ला, ‘टॉवर ऑफ टेरर’ही 40 ला (ती मात्र आकडा बसतो म्हणून बसवू नका, अंधार आहे, आधी त्याला विचारा). ‘गार्डियन्स’ 42 ला, म्हणजे काठावर. ‘स्पेस माउंटन’ 44, ‘ट्रॉन’ 48. आकडे मधूनमधून बदलतात, निघायच्या आठवड्यात पार्कच्या अॅपवर बघून घ्या. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर 14 वर्षांचं किंवा मोठं कोणीतरी बसावं लागतं. ज्या राइडवर मुलगा बसू शकत नाही तिथे ‘रायडर स्विच’ मागा: आधी एकजण जाऊन येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग अदलाबदल, दुसऱ्याला परत सगळी रांग लावावी लागत नाही. ऑर्लंडोतल्याच युनिव्हर्सल पार्कातही अशीच सोय आहे. तुमच्याकडे चार मोठी माणसं आहेत, तेव्हा हे फार सोपं आहे.

मुलाशी बोलताना ‘तू अजून छोटा आहेस’ नको. साडेपाच वर्षांच्या माणसाला ते लागतं. मी गेटवर गुडघ्यावर बसून सांगायचो की ही सीट मोठ्या मापाची शिवलीय, शर्ट ढगळ होतो तशी ढगळ होईल. सगळी नाही, पण बरीच मुलं ऐकायची. रडणारी बहुधा रांग लावून आलेली असायची, म्हणून सकाळी गेट उघडल्याबरोबर आधी मोजायला जा, पट्टा बांधा आणि मगच राइड निवडा. हर्शीला मोजायची जागा आत शिरल्याशिरल्या विचारून घ्या. आजींना सांगून ठेवा की नातू पट्टीखाली उभा असताना मागून ‘ताठ, ताठ’ म्हणू नका, तो टाचा उचलतो आणि ऑपरेटर पुन्हा मोजतो.

घरी मोजून झालं की चौकटीवरची ती तिरकी रेघ पुसू नका. गुण्याने त्याच दिवशीची सरळ रेघ शेजारी मारा, दोन्हींवर तारीख घाला, आणि मिस्टरांना मधलं अंतर टेपने मोजायला लावा.